वरचे टाके सुकले, आतले नाहीत

एका लेखात ‘दुर्बिणीने गर्भाशय काढलं की आठवड्यात सगळी कामं सुरू’ असं लिहिलंय, ते अर्धंच खरं. पोटावरच्या अर्ध्या-एक सेंटिमीटरच्या जखमा आठ-दहा दिवसांत सुकतात. पण गर्भाशयमुखही काढलेलं असेल तर योनीचं वरचं टोक शिवून बंद केलेलं असतं, आणि ते भरायला 6 ते 8 आठवडे तरी लागतात. हा टाका उसवतो तो जोर पडल्याने: भरलेली बादली (15 लिटर म्हणजे 15 किलो!), कुंथणं, घाईने ठेवलेले शरीरसंबंध. फायब्रॉइडसाठी (गर्भाशयातल्या साध्या गाठींसाठी) गर्भाशय काढलं असेल तर आधीच्या रक्तस्रावाने बऱ्याचदा हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, म्हणून लोहाच्या गोळ्या देतात. त्यांनी शौचाला कडक होते. रात्री इसबगोल भरपूर पाण्यातून घ्या, लोहाची गोळी मात्र चहाबरोबर नको. खोकताना पोटावर उशी दाबून धरा.

पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो तो शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे. घरातल्या घरात चाललं की उतरतो. थोडा तपकिरी स्राव काही आठवडे चालतो. पण तासाभरात पॅड भिजलं, स्रावाला घाण वास आला, ताप 100.4 च्या वर गेला किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर लगेच दवाखाना गाठा, फॉलोअपच्या तारखेची वाट बघू नका.