‘डे ऑफ द डेड’ म्हणजे मेक्सिकोचा हॅलोविन नव्हे

‘हॅलोविन हा अमेरिकेत जन्मलेला सण असून मेक्सिकोत तोच डे ऑफ द डेड या नावाने साजरा होतो’ असा मजकूर ऑक्टोबर संपत आला की समाजमाध्यमांवर फिरू लागतो. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

हॅलोविनची मुळे आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये आहेत. सुगी आटोपून हिवाळा लागताना तिथे साउइन हा सण पाळला जाई आणि १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या ख्रिस्ती सणाच्या पूर्वसंध्येत त्याच्या चालीरीती मिसळत गेल्या. हॅलोविनला कोरून आत दिवा ठेवतात तो भोपळा तर फार नंतरचा! आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तसल्या एका भेसूर कंदिलाची प्रतिकृती मेयो परगण्यातील राष्ट्रीय संग्रहालयात जपलेली आहे. एकोणिसाव्या शतकात स्थलांतरितांबरोबर ही प्रथा अमेरिकेत गेली आणि तिथे कोरायला सोपा भोपळा मिळाला.

मेक्सिकोतील १ व २ नोव्हेंबरच्या सोहळ्यामागची भावनाच निराळी आहे. घरातील गेलेली माणसे या दिवसांत भेटीला येतात या श्रद्धेने त्यांच्या फोटोंपुढे पाणी, मेणबत्त्या, त्यांच्या आवडीचे पदार्थ, वर हाडांच्या आकाराची नक्षी असलेला गोड पाव आणि झेंडूची फुले मांडली जातात. (आपल्या दसऱ्याचा झेंडूही मूळचा तिकडचाच.) स्थानिक मूलनिवासींच्या श्रद्धा व स्पॅनिश कॅथलिक धर्म यांतून घडलेल्या या परंपरेचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २००८ मध्ये समावेश झाला. मेक्सिकोच्या शहरांत हॅलोविनचे पोशाखही आता दिसतात, हे खरे. मात्र ते उत्तरेकडील शेजाऱ्याकडून आलेले आहेत.