माणसाला खिडकीबाहेर कसं फेकावं

परवा मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "तुमचं प्रपोजल आम्ही डिफेनेस्ट्रेट केलंय." मी मान डोलावली. वर "थँक यू सर" पण म्हणून मोकळा झालो. मग टॉयलेटमध्ये जाऊन मोबाइलवर अर्थ बघितला: खिडकीतून बाहेर फेकणे. तीन महिने राबलो होतो त्यावर!

असो. तुम्हालाही साहेब व्हायचं असेल तर ऐका.

वाईट बातमी द्यायची असली की आधी डिक्शनरी काढा. समोरच्याला कळणार नाही असं क्रियापद सापडेपर्यंत मिटू नका.

उच्चार ठासून करा. चुकला तरी पकडणार कोण?

शब्दाच्या मुळाशी मात्र जाऊ नका, पंचाईत होते. मी गेलो. लॅटिनमध्ये 'फेनेस्त्रा' म्हणजे खिडकी. २३ मे १६१८ रोजी युरोपातल्या प्राग शहराच्या किल्ल्यात चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी राजाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला खरोखरच खिडकीतून भिरकावलं. सुमारे २१ मीटर खाली! तिघंही वाचले. कॅथलिक म्हणाले, देवाची कृपा. विरोधक म्हणाले, शेणाच्या ढिगाची. चिटणिसाला पुढे सरदारकी मिळाली आणि नावापुढे 'फॉन होहेनफाल' लागलं. मराठीत 'उंचपडकर' म्हणा. या फेकाफेकीतून पेटलेलं युद्ध तीस वर्षं चाललं, ते वेगळंच.

पण त्या तिघांना आपल्याला फेकतायत हे कळत तरी होतं! त्यातला स्लावाटा नावाचा कारभारी म्हणे खिडकीची कड धरून लोंबकळत राहिला, बोटांवर खंजिराची मूठ हाणली तेव्हा सुटला. मला कड धरायलाही मिळाली नाही. मी आभार मानत खाली गेलो. आणि हल्ली हा शब्द वापरतात तो बहुतेक खुर्चीवरून हाकललेल्या माणसांसाठी. साहेबांनी तो फायलीला लावला. म्हणजे त्यांनाही धड ठाऊक नाही!

अहो साहेब, 'नाही' म्हणा ना सरळ! इंग्रजीच झाडायचं असेल तर 'रिजेक्ट' आहे की, शेंबड्या पोराला कळतो. तुम्हाला समोरच्याच्या मनाची काळजी वगैरे काही नसते. 'नाही' म्हटलं की तो 'का?' विचारतो, त्याची तुम्हाला धास्ती. म्हणून हे भारदस्त शब्दांचे पडदे. भित्रे आहात तुम्ही, दुसरं काही नाही.

प्रपोजल का नाकारलं, ते अजून कुणी मला सांगितलेलं नाही.