'अवकाळी' मागे घेतो, बाकीचं नाही

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग आहे, पण मुद्दा पक्का आहे. नोव्हेंबर २०२१ च्या तिरुपतीच्या पुरावर लिहिताना मी शीर्षकात 'अवकाळी' म्हटलं आणि खाली दोष तळी बुजवणाऱ्या माणसांना दिला. तुम्ही विचारता, पाऊसच अवकाळी तर माणसांनी करायचं काय? शिवाय, एका मुक्कामाच्या जोरावर त्या गावाला शहाणपण शिकवायचं आणि भाविकांना घाबरवायचं, हा उद्योग कशाला?

पहिलं कबूल. शब्द साफ चुकला, शीर्षक बदललंय. आकाशकंदील लागला की पाऊस आटोपला, हे आपल्या अंगात मुरलेलं; छत्री माळ्यावर जाते. तोच हिशोब मी तिरुपतीतल्या पाचशे रुपयांच्या लॉजपर्यंत घेऊन गेलो. तिथे जून-सप्टेंबरात पाऊस पडतोच, पण झोडपणारा येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर, बंगालच्या उपसागरावरून. २०१५ च्या नोव्हेंबरातही चित्तूर-नेल्लोर असंच बुडालं होतं. म्हणजे पाऊस वेळेवरच आला होता. मग माझा आरोप हलका होतो की जड, तुम्हीच बघा.

पडला मात्र अतोनात, हे तुमचं खरं. शेषाचलमचा डोंगर गावाच्या उत्तरेला भिंतीसारखा उभा आहे आणि गाव अगदी पायथ्याशी. समुद्रावरचे ढग त्या भिंतीला अडतात आणि वर पडलेलं पाणी खाली यायला वेळ घेत नाही. एरवी पायथ्याच्या कपिलतीर्थाच्या देवळापाशी कड्यावरून पडणाऱ्या धारेखाली लोक आंघोळ करतात. त्या दिवसांत ती धार लाल पाण्याचा लोंढा झाली होती, तिथल्या मंडपाचंही नुकसान झालं. डोंगरावर बालाजीच्या देवळाकडे चढणारी श्रीवारी मेट्टूची पायवाट इतकी उखडली की ती पुन्हा खुली व्हायला मे २०२२ उजाडला. डोंगरावरच्या या पाण्यासाठी मी कुणालाच बोल लावला नव्हता, पुन्हा वाचून बघा.

माझं भांडण आहे ते खाली आल्यावर पाणी कुठे गेलं याच्याशी. तिरुपतीत कोर्लगुंटा आहे, तुम्मलगुंटा आहे. 'गुंटा' म्हणजे डबकं, लहान तळं. नावातच पाणी आहे हो! त्या मुलखात पूर्वीपासून तळ्यांची साखळी असते: एक भरलं की सांडव्यावरून पाणी पुढच्यात, तिथून पुढच्यात, शेवटी स्वर्णमुखी नदीत. मधलं एक तळं बुजवून वर प्लॉट पाडले, तरी पाणी जुन्याच वाटेने येतं. वाटेत आता स्वयंपाकघर असतं, एवढंच.

आमच्या लॉजचा पोरगा आम्हाला गुडघाभर पाण्यातून बाहेर काढत होता. हातात काठी. दर पावलाला आधी काठी टेकवायची, मग पाय. एका जागी काठी निम्म्याहून जास्त आत गेली. तो थांबला, हाताने आम्हाला मागे सारलं आणि म्हणाला, "कालुवा, कालुवा." मला वाटलं आपला कालवा म्हणतोय. तेच म्हणत होता! तेलुगूत कालुवा म्हणजे कालवाच. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर बघितलं, तर रस्त्याच्या कडेला उघडं गटार, जेमतेम दोन हात रुंद. त्यावरच एका दुकानाची पायरी बांधलेली.

तुम्ही न धरलेली एक चूक मीच सांगतो. अख्खा लेख मी माझ्या भिजलेल्या बॅगेवर खर्च केला आणि शेजारच्या कडपा जिल्ह्याला एक ओळ दिली. १९ नोव्हेंबरला चेय्येरू नदीच्या खोऱ्यात आधी वरचा पिंछा प्रकल्प फुटला, मग चेय्येरूवरच्या अन्नमय्या धरणाचा मातीचा बांध वाहून गेला आणि राजमपेटजवळच्या गावांत माणसं गेली. तिकडे लोक घरं शोधत होते आणि मी लाडू ओले झाले म्हणून लिहीत बसलो. याबद्दल झापलं असतंत तर मान खाली घालून ऐकलं असतं.

राहिलं भाविकांना घाबरवणं. तुम्ही वीस वर्षं सोलापूरहून जाताय, यंदा आईला घेऊन नोव्हेंबरातच निघताय आणि शेवटी मलाच विचारताय की जावं का. जा की! फक्त परतीचं तिकीट दर्शनाच्या दिवसाचं काढू नका, एक दिवस हाताशी ठेवा. घाट बंद केला तर पोलिसांशी वाद घालू नका. त्याच वर्षी १ डिसेंबरला वर जायच्या रस्त्यावर दरड आली होती. आणि खोली पहिल्या मजल्यावर घ्या. आईंना जिना जड जाईल, लिफ्टवाला लॉज बघा, पण तळमजला कितीही स्वस्त मिळाला तरी नको.