लेबलच्या आधी मालकीचं बोला

एआयने बनवलेल्या व्हिडिओवर लेबल सक्तीचं केलं की निवडणुकीतला खोटेपणा आटोक्यात येईल, असं तुमच्या लेखात म्हटलंय. मला हे पटत नाही.

आम्ही सोलापूरचे, अशोक चौकाजवळ राहतो. गेल्या निवडणुकीत मतदानाच्या आदल्या रात्री गल्लीच्या ग्रुपवर एका उमेदवाराच्या आवाजातली क्लिप आली, ‘मी माघार घेतोय.’ आई टॉवेलच्या कडा शिवत होती. मशीन थांबवून तिनं ती तीनदा ऐकली. आवाज हुबेहूब! केंद्राच्या ऑक्टोबर २०२५च्या नियमांच्या मसुद्यात अशा क्लिपच्या सुरुवातीलाच ती एआयने बनवल्याचं सांगायची अट होती. पण फसवायलाच निघालेला माणूस तेवढा भाग कापूनच पाठवणार ना?

खरं काय ते बघायला आम्ही टीव्ही लावला. आमच्या वॉर्डाचं कुणी काही सांगेना. माझ्या मते खरा घोळ इथं आहे, वाहिन्यांची मालकी कुणाकडे आहे यात. राजकीय पक्षांना प्रसारणात येऊ देऊ नका, उद्योगसमूहांवर बंधनं घाला, अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाच्या नियामक संस्थेने, ऑगस्ट २०१४मध्ये केली होती. त्याच वर्षी नेटवर्क१८ हा वृत्तवाहिन्यांचा समूह रिलायन्सकडे गेला, २०२२मध्ये एनडीटीव्ही अदानींकडे.

आमच्या चार हुतात्म्यांतले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे पत्र चालवायचे. १२ जानेवारी १९३१ला इंग्रजांनी त्यांना फाशी दिली. त्या गावात आज साधी अफवा खोडून काढणारं कुणी सापडू नये, याचं फार वाईट वाटतं.

ट्रायच्या त्या शिफारशींवर पुढचा लेख लिहा, ही मनापासून विनंती.