कडुलिंब तोडून पाइन? अजिबात नको

‘पाइन लावा, पाणी विसरा’ हा मेसेज सध्या नाशकातल्या ग्रुपांवर फिरतोय. पाइनला पाणी लागत नाही, पाचोळा पडत नाही, रात्रंदिवस ऑक्सिजन मिळतो, म्हणून कचरा करणारा कडुलिंब काढा आणि हा लावा, असं त्यात ठासून सांगितलंय. पाथर्डी फाट्याला राहणाऱ्या आमच्या मामांनी तो वाचून झाड तोडायला माणूससुद्धा ठरवला. आता गप्प बसणं शक्य नाही.

पाण्याचं अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. भूमध्य समुद्राकाठचा अलेप्पो पाइन कोरडा उन्हाळा काढतो. सुईसारख्या पानांवर मेणाचा जाड थर, छिद्रं आत दबलेली, त्यामुळे पाणी कमी उडतं. पण हे मुरलेल्या झाडाचं झालं. मुळं खोल जाईपर्यंत रोपाला पाणी द्यावंच लागतं.

आणि आपल्याकडे त्याला खरा धोका उन्हाळ्याचा नाहीच, पावसाळ्याचा आहे. त्याच्या मुलखात पाऊस हिवाळ्यात पडतो. आपल्याकडे तो जून ते सप्टेंबर, उबदार हवेत, आणि तोही काळ्या मातीवर. श्रावणात मामांच्या अंगणात फावडं मारा: माती फाळाला चिकटून वर येते आणि खड्ड्यात तासाभरात पाणी साचतं. ही माती ओली झाली की फुगते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळं कुजायला लागतात. खड्ड्यात वाळू भरली तरी भोवतीची माती पाणी जिरू देत नाही. खड्डा बादलीसारखा भरून राहतो. मुरमाड, उताराची जागा असेल तर एक वेळ प्रयोग करा. मामांकडे ती नाही.

चॅम्पियन आणि सेठ या वनतज्ज्ञांनी १९६८ साली केलेलं भारतातल्या वनांचं वर्गीकरण आजही प्रमाण मानतात. त्यात पाइनची जंगलं हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत आहेत. सह्याद्रीत नाहीत.

पाचोळ्याचं म्हणाल, तर सदाहरित म्हणजे पानं गळतच नाहीत असं नव्हे. चीड म्हणजे हिमालयातला पाइन, त्याच्या वाळल्या सुयांच्या थरामुळेच उत्तराखंडातले वणवे भडकतात. रात्री ऑक्सिजन? प्रकाश नसेल तर कुठलंच झाड तो बनवत नाही. शाळेतला धडा आहे.

शिवाय नर्सरीत मामांना ‘पाइन’ म्हणून जे दाखवलं, ते मजल्यामजल्यांनी आडव्या फांद्या फुटलेलं रोप होतं. तो अरॉकेरिया, ज्याला आपण ख्रिसमस ट्री म्हणतो. खऱ्या पाइनच्या सुया जुडीनं येतात, चीडच्या तीन-तीन एकत्र. रोप घेण्याआधी एक जुडी चिमटीत धरून मोजा.

आणि मामा, कडुलिंब अंगणातला असला तरी शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार महापालिकेची परवानगी लागते. त्या माणसाला आजच फोन करून नको म्हणा.