स्पायरोगायरा की फ्रिशिएला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी थँक्स. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की स्पायरोगायरा हे शैवाल म्हणजे डबक्यातला नुसता हिरवा धागा, त्याला मी झाडांचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणणं पटत नाही, बीएस्सीला झाडांच्या सुरुवातीसाठी फ्रिशिएला हे शैवाल शिकवलं होतं तेच बरोबर. शिवाय शैवालापासून झाडं झाली तर शैवालं अजून शिल्लक कशी, आणि मुळं नसताना पहिली झाडं जमिनीवर जगली कशी.

शैवालं शिल्लक आहेत कारण आजच्या कुठल्याच शैवालापासून झाडं झालेली नाहीत. दोघांचा पूर्वज एक, गोड्या पाण्यातला, त्याची बाकीची पिल्लावळ बहुतेक पाण्यात राहिली आणि एका शाखेने जमीन धरली, एवढंच.

फ्रिशिएलाबद्दल मात्र नीट सांगायला हवं. मद्रासच्या अय्यंगारांनी 1932 मध्ये याचं वर्णन केलं, काम उत्तमच होतं. आटत आलेल्या तळ्याच्या ओल्या मातीत वाढणारं शैवाल, खाली रायझॉइड (मुळांसारखे बारीक धागे), मधे आडवा पसरलेला भाग, वर उभे फाटे, बघून कुणालाही वाटेल की झाडाची सुरुवात हीच. पण त्याची पेशी दुभागताना बघा. मधली भिंत तयार होते तेव्हा फ्रिशिएलात मायक्रोट्युब्यूल्स (पेशीतल्या अतिसूक्ष्म नळ्या) त्या भिंतीला समांतर असतात, झाडांमध्ये काटकोनात. कारा आणि कोलिओकीट या गोड्या पाण्यातल्या हिरव्या शैवालांमध्येही काटकोनात, आणि तुम्ही ज्याला नुसता धागा म्हणता त्या स्पायरोगायरात भिंत कडेकडून आत सरकत येते पण शेवटी मधोमध तीच काटकोनातली रचना दिसते. डीएनए पण हेच सांगतो, फ्रिशिएला हिरव्या शैवालांच्या वेगळ्याच फांदीवर आहे. मातीत राहायची सोय त्याने स्वतंत्रपणे केली, म्हणून ते झाडासारखं दिसतं.

मग दिसायला झाडासारखा असलेला कारा सोडून स्पायरोगायराचाच गट का? 2014 च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात हाच गट झाडांच्या सगळ्यात जवळ आला आणि नंतरच्या कामातही तेच टिकलंय. स्पायरोगायराचा साधेपणा मूळचा नाही असं मला ठामपणे वाटतं. मॉस या साध्या, जमिनीवरच्या वनस्पतीचे पुंबीज (नर पेशी) आजही शेपट्या हलवत पाण्यातून पोहतात, काराचेही पोहतात, स्पायरोगायरात पोहणारी पेशीच नाही, म्हणजे पूर्वजाकडे असलेली गोष्ट याने सोडून दिली. 2019 मध्ये याच गटातल्या, ओलसर जागी पाण्याबाहेर वाढणाऱ्या दोन शैवालांचे जीनोम (सगळा डीएनए) वाचले गेले, तर झाडं कोरड पडल्यावर जी जनुकं वापरतात त्यातली काही तिथे आधीच होती, आणि त्यातली काही मातीतल्या बॅक्टेरियांकडून आलेली असावीत असं त्या संशोधकांचं म्हणणं. मला तर यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं, जमिनीवर जगायची बरीचशी तयारी जमिनीवर येण्याआधीच झाली होती!

आता मुळांचं. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळ 1912 मध्ये डॉ. विल्यम मॅकी यांना जो दगड सापडला त्यात सुमारे 40.7 कोटी वर्षांपूर्वीची झाडं आहेत, गरम झऱ्यातल्या सिलिकाने पेशीन् पेशी जपलेली. त्यातल्या अ‍ॅग्लाओफायटॉनला मुळं नाहीत, पानं नाहीत, पण खोडावर स्टोमॅटा (हवा आत-बाहेर करणारी सूक्ष्म छिद्रं) आहेत, आणि खोडाच्या पेशींच्या आत बुरशीच्या झुडपासारख्या बारीक फांद्या स्पष्ट दिसतात, आजच्या पिकांच्या मुळांत असतात तशाच. मातीतून फॉस्फरस वगैरे मिळवायला बुरशीची मदत मुळांच्या आधीपासून होती असं त्यावरून दिसतं.

कॉलेजच्या वेळच्या फ्रिशिएलाच्या स्लाइड किंवा जर्नलमधल्या आकृत्या तुमच्याकडे असतील तर फोटो नक्की टाका, मला खरंच बघायच्यात.