‘मेहनत असली की मन आपोआप घट्ट होतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दडपणाखाली मन स्थिर ठेवायच्या सरावावर लिहिलेल्या मागच्या लेखाखाली ‘एक कोल्हापूरकर’ या नावानं आलेली प्रतिक्रिया आहे तशी देतो, म्हणजे सोयीचं तेवढं उचललं असं कुणी म्हणायला नको : "नाक धरून बसल्यानं कुस्ती मारता आली असती तर सगळे जोगी हिंदकेसरी झाले असते. आमच्या तालमीत असली थेरं नव्हती. मेहनत असली की मन आपोआप घट्ट होतं. खुराकाबद्दल एक ओळ नाही. फुकटचं ज्ञान पाजळायला काय जातंय."

नमस्कार. वेळ काढून लिहिलंत, आभारी आहे. टीकेचं मला वावडं नाही. पण लेखात श्वासाचा, फुटबॉलमधल्या पेनल्टीचा आणि परीक्षेचा असा पायरीपायरीनं सराव दिला होता. त्यातल्या एकाही पायरीला हात न लावता ‘थेरं’ म्हणून मोकळे झालात. तालमीत मोठं बोलायचं तर लांग चढवून मातीत उतरावं लागतं. इथं टोपणनावाआडून शड्डू ठोकता येतो, एवढाच फरक.

एक मान्य करतो. ‘सात दिवसांत पोलादी मन’ हे शीर्षक भडक होतं. लेखात असा दावा कुठंही नाही, पण शीर्षक भडक होतं. बदललंय.

आता तुमचं ते वाक्य, मन आपोआप घट्ट होण्याचं. तालमीत काहीही आपोआप होत नाही, हे तुम्हीच मला सांगायला हवं होतं. वस्ताद पोराला एकदम खासबागेत, कोल्हापूरच्या कुस्तीच्या मोठ्या मैदानात, उभा करतो का? आधी तालमीतच जोड बदलून लढवतो. दमलेल्या पोरावर ताज्या दमाचा गडी सोडतो. मग गावच्या जत्रेत रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग थोडं इनाम, थोडी गर्दी, मग मोठं मैदान. जोर-बैठकांचा आकडा चढवावा तसा तो ताणही मापात चढवत नेतो. आजचे क्रीडा मानसतज्ज्ञ करतात तेही हेच, फक्त वहीत नोंद ठेवून. वस्तादानं त्यावर भाषण दिलं नाही म्हणून तुम्हाला ते दिसलं नाही, त्याला मी काय करू?

मेहनतीनं दम वाढतो, पकड वाढते, डाव अंगात मुरतो. वाद त्याच्या पुढच्या टप्प्याचा आहे. मुरलेला डाव विचार न करता पडतो. भरल्या मैदानात भीती वाटली की गडी स्वतःच्याच हातापायांवर पहारा ठेवायला लागतो : पाय बरोबर पडला का, पकड बसली का? तिथंच हालचालीचे तुकडे होतात आणि वेळ निघून जाते. नवख्यापेक्षा हे मुरलेल्याला जास्त नडतं, कारण नवखा तसाही प्रत्येक पाऊल विचारूनच टाकत असतो. अशा वेळी ‘अजून मेहनत कर’ सांगितलं की पहारा आणखी कडक होतो. उपाय साधा आहे : एकच छोटा शब्द ठरवायचा, ‘खाली’ म्हणा, ‘रेट’ म्हणा, आणि रोजच्या लढतीत डाव टाकायच्या क्षणी मनात तोच म्हणायचा. लक्षाला बसायला दुसरी जागा मिळते. मैदानाच्या दिवशी नवा शब्द काढला तर उपयोग शून्य.

नेमबाजीत तर जोर लावणं थेट अंगावर येतं. 50 मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. धडधड वाढली की नळी हलते, ती थांबवायला स्नायू आवळले की कंप वाढतो. आपल्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत 60 गोळ्यांत 600 पैकी 597 मिळवले. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 रोजी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत 451.4 गुणांवर कांस्य घेतलं. त्या फेरीच्या शेवटी एकेका गोळीनंतर एकेक जण बाहेर पडतो. उभ्यानं मारताना आठ-दहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर डोळा थकतो, हात डगमगतो. तेव्हा रायफल खाली घ्यायची, श्वास सोडायचा, क्रम पहिल्यापासून. नवख्या पोरांना हे माघार घेतल्यासारखं वाटतं, म्हणून ती ओढूनताणून गोळी मारतात आणि आठ घेतात. उचललेली रायफल खाली घेण्याचाही वेगळा सराव लागतो, आणि तो कुठल्याही बैठकांमधून येत नाही.

नाक धरायला मी सांगितलंच नव्हतं. चार सेकंद नाकानं आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास, रोज पाच मिनिटं. श्वास सोडताना हृदयाची गती उतरते, म्हणून सोडणं लांब. बिघडतं ते छाती फुगवून ओढल्यानं : कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि पोरगं दुसऱ्या दिवशी सोडून देतं. श्वास सावकाश हवा, मोठा नको. शिवाय पैलवानाला मातीत उतरताना इतकं थंड व्हायचंच नसतं. त्यानं हे आदल्या रात्री किंवा दोन कुस्त्यांच्या मध्ये करावं. उतरताना शड्डूच बरा. लेखात हे होतं, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तिथवर आला नसाल.

पेनल्टीचंही तसंच. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन्ही बाजूंनी आपापल्या संघासाठी पेठा ओरडत असतात आणि आपली पोरं सराव करतात सकाळी रिकाम्या मैदानात, ताज्या पायांनी, सलग वीस किक मारून. सलग वीसमध्ये चूक पुसली जाते. सामन्यात एकच मिळते. म्हणून सराव संपल्यावर, पाय जड असताना, सगळा संघ गोलमागे गोंगाट करत असताना प्रत्येकाला एकच किक. हुकली तर पुढची उद्या. चेंडू स्वतः ठेवायचा, कोपरा आधी पक्का करायचा, ठरलेली पावलं मागे, शिट्टीनंतर एक श्वास सोडून मगच धावायचं. शिट्टीबरोबर सुटणाऱ्याला गोल नको असतो, सुटका हवी असते.

एमपीएससीवाल्यांसाठी एवढंच : 100 प्रश्न, दोन तास, घड्याळ लावून, खऱ्या पेपरच्याच वेळेला. आणि आधीच ठरवून ठेवा की सलग तीन प्रश्न अडले तर पेन खाली, दोन लांब श्वास, पुढचं पान.

अनुभवाचं म्हणाल तर मी तालमीतच वाढलोय आणि नेमबाज, फुटबॉलवाले, परीक्षेची पोरं यांच्यासोबत काम करणं हाच माझा धंदा आहे. तुमचा अनुभव टोपणनावावरून कळत नाही.

खुराक हवाच, त्यावर वाद कुणी घातला? दूध-बदामावर लिहिणारे गल्लोगल्ली आहेत. ज्ञान फुकट आहे हेही खरं, घ्यायची सक्ती नाही.

पुढच्या वेळी कोणती पायरी करून पाहिलीत आणि ती नेमकी कुठं अडली ते लिहा, सविस्तर उत्तर देईन. पुन्हा ‘थेरं’ आली तर प्रतिक्रिया काढून टाकेन.